लाईफटाईम फ्री म्हणजे नेमकं काय काय फ्री?

वर एका भाऊंनी लिहिलंय की सायकल दुकानांची लाईफटाईम फ्री सर्व्हिसिंग म्हणजे नुसता गिऱ्हाईक ओढायचा धंदा, तिकडे बघूच नका. मला हे पूर्ण नाही पटत. नवी सायकल महिनाभर चालली की गिअर-ब्रेकच्या केबल बसून सैल पडतात, स्पोकचं टेन्शन कमी-जास्त होतं, तेव्हाच ट्यूनिंग नाही केलं तर गिअर नीट पडत नाहीत, आणि हे काम फुकट होत असेल तर सोडायचं कशाला.

पण फ्री असते ती मजुरी, पार्ट नाही, आणि मजुरीही कशाची ते दुकानावर आहे. मी घेतली तिथे पुसणं, तेल, ब्रेक-गिअर टाईट करणं एवढंच फ्री निघालं, चाकाचा आऊट काढणं (डगमगत फिरणारं चाक सरळ करणं) आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलून ग्रीस भरणं याचे पैसे वेगळे, आणि नागपूरच्या पावसाळ्यानंतर गरज नेमकी त्याचीच असते. त्यामुळे घेतानाच बिलावर लिहून घ्या. आणि फ्री सर्व्हिसिंगला नेली की "चेन गेली" हे हमखास सांगतात, तर घरीच स्टीलची पट्टी लावून बघा. चेन ताणून एका पिनच्या मधोमध शून्य ठेवलं की १२ इंचावर बरोबर पिनच यायला पाहिजे. १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन खरंच बदला, १/८ सरकली असेल तर बहुतेक मागची कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) गेलेली असते, आणि तो खर्च चेनपेक्षा बराच जास्त येतो.