सांगलीत अन्नाचं कपाट चालवतोय : उरलेलं शिजवलेलं अन्न घ्यावं का? आणि लाजणाऱ्यांपर्यंत कसं पोचावं?

नमस्कार मंडळी,

विश्रामबागमध्ये आमच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून अन्नाचं कपाट सुरू केलंय. सोसायटीतली वॉचमनची रिकामी खोली, तिच्यात लोखंडी रॅक आणि कुणीतरी दिलेला जुना फ्रीज. ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्याने आणून ठेवायचं, ज्याला लागेल त्याने न्यायचं. नाव-गाव विचारत नाही, सही घेत नाही, फोटो तर कुणालाच काढू देत नाही. कोरडा शिधा, भाजी, फळं इथपर्यंत बरं चाललंय. पण दोन गोष्टींवर गटात एकमत होईना, म्हणून इथे विचारतेय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पहिला प्रश्न शिजवलेल्या अन्नाचा. लग्नसराईत कार्यालयातून रात्री फोन येतो, "ताई, दोन पातेली मसालेभात उरलाय, नेताय का?" तो भात सकाळी अकराला शिजलेला असतो आणि दिवसभर मांडवातच असतो. गटातल्या दोघी म्हणतात, टाकून देण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. त्यांची कळकळ मला समजते. भरलेलं पातेलं गटारात ओतलेलं मलाही बघवत नाही. तरीही मी नको म्हणते. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे "उकळी काढून देऊ" हा उपाय इथे चालत नाही. अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. आमच्या जुन्या फ्रीजमध्ये दोन मोठी पातेली लवकर गार होणं शक्यच नाही. त्यातून कुणाला उलट्या झाल्या, तर दवाखान्याचा खर्च नेमका ज्याला परवडत नाही त्याच्यावरच येणार.

उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत, १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. अन्न कुठून आलं, कधी शिजलं, शाकाहारी की मांसाहारी हे लिहून ठेवणं त्यात येतं. आम्हाला ते जमेल. माझ्या डोक्यात असं आहे, की शिजवलेलं अन्न कपाटात ठेवायचंच नाही. कार्यालयाने पंगत उठायच्या आधी कळवायचं, अन्न गरम असतानाच उचलायचं आणि थेट मिरजेला न्यायचं. तिथल्या रुग्णालयांबाहेर कर्नाटकातून, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आलेले नातेवाईक रात्रंदिवस थांबलेले असतात. असं कुणी करतंय का? किती वेळाची मर्यादा पाळता, आणि कार्यालयवाले वेळेवर कळवतात का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. ज्यांना खरी गरज आहे ते येतच नाहीत. २०१९ च्या महापुरात महाराष्ट्रभरातून इथे शिधा आला, तेव्हा रांगेत उभं राहायला कुणी संकोचलं नाही, कारण पाणी बंगल्यातही शिरलं होतं आणि झोपडीतही. एरवी मात्र शेजारणीने बघितलं तर काय, ही भीती पोटातल्या भुकेपेक्षा मोठी ठरते. मागच्या गल्लीतल्या एक आजी आहेत. त्या कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. आधी आपल्या झाडाचा कढीपत्ता रॅकवर नीट मांडतात, देठ एका बाजूला करून. मग अर्धा किलो तूरडाळीची पुडी उचलतात आणि "येते गं" म्हणून निघतात. तेव्हापासून आम्ही पाटीवर "गरजूंसाठी" लिहिलं होतं ते पुसून "ठेवा आणि न्या" एवढंच लिहिलंय. येणारे थोडे वाढले, पण पुरेसे नाहीत. खोलीचं दार रस्त्याकडे आहे, ते मागच्या बोळाकडे करावं का? की अंधार पडल्यावर तासभर उघडं ठेवावं?

काहींचं म्हणणं, रेशनकार्ड बघून द्या. मला ते मुळीच पटत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, पण डाळ, तेल, चहापत्ती त्या हक्कात नाही. कुपवाड एमआयडीसीतली नोकरी गेलेल्या माणसाकडे कार्ड पांढरं असू शकतं. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचं कार्ड बरेचदा गावाकडे म्हाताऱ्यांपाशी असतं. कुणी अख्खी पिशवी उचलून नेली म्हणून हा कार्डाचा विषय निघाला होता. त्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या आणि तक्रार मिटली.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी एक सांगते. घरून आलेलं धान्य आधी परातीत ओतून बघा. वर्षाचे गहू भरताना लोक किडीसाठी गोळ्या टाकतात, तांदळाला बोरिक पावडर लावतात, आणि देताना सांगायचं राहून जातं. गव्हातून निघालेली पांढऱ्या कापडाची पुरचुंडी लहान मुलाच्या हाती लागली तर काय, या विचाराने अंगावर काटा येतो. आता आम्ही देणाऱ्याला विचारून पिशवीवर चिठ्ठी लावतो. औषध कुठलं ते देणाऱ्यालाच माहीत नसेल, तर ते धान्य सरळ परत करतो. द्राक्षाच्या हंगामात तासगावकडून पॅकिंगमध्ये सुटलेले मणी क्रेटभर येतात. गोड असतात, पण देठापाशी फाटलेले असल्याने फार टिकत नाहीत. ते त्याच दिवशी अंगणवाडीतल्या मुलांच्या घरी पोचवतो.

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये बचत गटाच्या नावाने एफएसएसएआयची नोंदणी कुणी केली असेल, तर कागदपत्रं काय लागली आणि खोलीच्या मालकाचं संमतीपत्र मागितलं का, तेवढं नक्की लिहा. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयांचे फोन सुरू होतील, त्याआधी आम्हाला ठरवायचंय.