मदत हवी आहे: डावी नडगी दुखते, उजवी ठणठणीत

डावखुरा_पाय: समर्थ मंदिर ते यवतेश्वर, पळत वर आणि पळत खाली, आठवड्यातून चारदा. डाव्या नडगीने वैताग आणलाय. उजव्या पायाला काही नाही. बर्फ झाला, मलम झालं. बूट नवे आहेत, तेव्हा बुटांवर नको. सातारा हिल मॅरेथॉन दोन महिन्यांवर आली. नेमकं सांगा.

घाटवाट: नडगीची आतली कड की बाहेरची? चढताना की उतरताना? रस्त्याच्या कुठल्या बाजूने पळता?

तीळतेल: तेल कोमट करून पोटरीला खालून वर चोळा. सात दिवसांत फरक.

डावखुरा_पाय: आतली कड, घोट्याच्या वर. उतरताना जास्त. नेहमी उजवीकडूनच, समोरची गाडी दिसते म्हणून. बाजूचा काय संबंध?

घाटवाट: संबंध आहे. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच ठेवतात आणि कडेला उतरता, मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. उजव्या कडेला तुमचं उजवं पाऊल खाली पडतं, डावं वर, आणि डावं दर पावलाला आतल्या बाजूला कलंडतं. तो ताण नडगीच्या आतल्या कडेवरच येतो. येताना फिटंफाट होत असेल असं वाटतं, पण परततानाही तुम्ही उजवीकडेच, म्हणजे कल तोच. वळणांवर मात्र अख्खा रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो, तिथे हिशेब बदलतो.

खडूस_सातारकर: म्हणजे डावीकडून उतरायचं? मागून कासचे पर्यटक येतात, त्यांना वळणावर तुमची नडगी दिसणार आहे का? कृपया असले सल्ले देऊ नका.

घाटवाट: घाटात बाजू बदला असं मी कुठे म्हटलं? दोन दिवस घाट सोडून शाहू स्टेडियमवर पळा. तिथेही एकाच दिशेने गोल फिरू नका, नाहीतर आतला पाय धरेल.

आरोग्यदूत: युरिक ॲसिड तपासा. डाळी बंद.

खडूस_सातारकर: युरिक ॲसिड बहुतेक पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात धरतं, नडगीत नाही. डाळींनी काय घोडं मारलंय?

पोटरी_पंडित: कलाच्या आधी हाड बघा. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली या. चार-पाच बोटं लांबीत पसरून दुखलं तर हाडाच्या आवरणावरचा ताण. एकाच नाण्याएवढ्या जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, त्या पायावर उडी मारली की जीव जात असेल, तर पळणं आजच बंद आणि हाडांचे डॉक्टर. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत बारीक चीर एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. आणि एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेलवाले, हे तुमच्यासाठीही.

तीळतेल: आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळतात.

फुलवेडा: कासची फुलं कधी लागतात? गाडी कुठपर्यंत जाते?

खडूस_सातारकर: धागा नडगीचा आहे हो.

डावखुरा_पाय: दाबून बघितलं. पाच बोटं लांब दुखतंय, ठिपका नाही. रात्री काही नाही. बूट तीन आठवड्यांपूर्वी घेतले, घाटही तेव्हाच सुरू केला. आधी सपाटीवर चालायचो.

पोटरी_पंडित: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! बूट, चढ, उतार, पळणं, सगळं एकाच आठवड्यात. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. डाव्याची टाच आत झुकली असेल तर नवा असला तरी त्याचा उपयोग नाही. दोन आठवडे उतारावर पळू नका, चढा आणि खाली चालत या. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचला, तीन मोजत खाली सोडा. 12 चे 3 फेरे, एकदा गुडघा सरळ, एकदा किंचित वाकवून. दोन्ही पायांचे आकडे लिहून ठेवा, डावा कमी भरला तर कमजोरी तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर फेरे निम्मे करा. पळायला परत लागाल तेव्हा पावलं आखूड आणि भरभर टाका, लांब टाकली की टाच आपटते.

डावखुरा_पाय: आत्ताच बघितलं. डाव्या बुटाची टाच आत झुकलीय. दुकानदार बदलून देईल का?