मदत हवी आहे : पूर्वसंशोधनाचा आढावा लवकर आणि नीट कसा लिहावा?

पाटपाणी
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरचं प्रकरण गाईडनी परत केलं. समासात शेरा एकच : "ही यादी झाली, आढावा नाही." आता सगळं नव्याने लिहायचं आणि वेळ अजिबात नाही. ढीगभर पीडीएफ उतरवून ठेवल्यात, निम्म्या वाचून झाल्यात, पण कोण काय म्हणालं ते डोक्यात एकमेकांत मिसळतं. किती संदर्भ असले म्हणजे पुरे? लवकर लिहायची काही पद्धत आहे का? कृपया "भरपूर वाचा" एवढंच सांगू नका. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी लिहा.

केळीबाग_यावल
विषय कोणता? एम.ए.चा लघुप्रबंध की पीएच.डी.? मराठीतून की इंग्रजीतून? "वेळ नाही" म्हणजे आठवडा की सहा महिने? हे कळल्याशिवाय काय सांगणार भाऊ!

सातपुडा_पायथा
सर्वात आधी प्लेजरिझम सांभाळा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १०% पर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४०% मध्ये गेलात तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. आढाव्याचं प्रकरणच यात सापडतं, कारण सगळे गोषवारे जसेच्या तसे उचललेले असतात. मी माझं प्रत्येक वाक्य फिरवून लिहिलं आणि निभावलं.

रकानेवाली
वाक्य फिरवून लिहिणं हा उपाय नाही. शब्द बदलले तरी विचार मूळ लेखकाचाच राहतो आणि प्रकरण पुन्हा यादीच होते. शिवाय तुम्ही अर्धाच नियम सांगितलात. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असते. सलग १४ शब्दांपर्यंतचं किरकोळ साम्यही धरत नाहीत. लोक उगाच घाबरून कायद्यांची नावंसुद्धा बदलायला बसतात.
धागाकर्ते, विषय सांगा.

पाटपाणी
पीएच.डी., अर्थशास्त्र, मराठीतून. धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या खोऱ्यातली सिंचनाची फड पद्धत आणि तिची आजची स्थिती. महिनाअखेरीस सल्लागार समितीसमोर सादरीकरण आहे, त्याआधी गाईडना प्रकरण हवंय. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते, त्यामुळे वाचायला रात्रच मिळते. आणि मी भाऊ नाही, ताई. फड म्हणजे काय ते इथे सांगायला नको.

नवाकोरा
ताई, सांगायला हवं. मी नवापूरचा, आमच्याकडे फड नाही.
आणि एवढं टेन्शन कशाला? पीडीएफ एआयला द्या, विषय सांगा, एका रात्रीत आढावा तयार. माझ्या मित्राने तसंच केलं.

पांझराकाठचा
मी संशोधक नाही, शेतकरी आहे, पण विषय बघून राहवलं नाही. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार तुकड्यांत वाटलेली. त्या एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात त्या हंगामाला बहुधा एकच पीक. ऊस एका फडात, गहू दुसऱ्यात, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी कोणाच्या शेतात किती वेळ हे शेतकरी ठरवत नाही, बारेकरी देतो. पाटावर लक्ष ठेवायला पाटकरी, वर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर पंच. पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं, नाही आलं तर दंड. सरकारचा माणूस यात कुठेच नव्हता. वर धरणं झाली, घरोघर विहिरी आणि मोटारी आल्या, मग पंचांचं कोण ऐकतं? अक्कलपाड्याचं धरण झाल्यावर आमच्याकडचं नदीचं वागणंच बदललं. याच्यावर कोणी लिहितंय याचा मनापासून आनंद झाला. पिंपळनेर-सामोड्याकडचे फड बघितलेत का ताई?

केळीबाग_यावल
अवांतर आहे पण बोलतोच. विहिरींना दोष देऊ नका. तापीकाठी आमच्या केळीला विहिरी आणि ठिबक नसतं तर रावेर-यावल उभंच राहिलं नसतं. फड चांगलाच, पण केळीला बारीचं, म्हणजे पाळीने येणारं पाणी पुरत नाही, तिला नेमाने लागतं.

पांझराकाठचा
केळी वेगळी, आमची जमीन वेगळी. मी तुमच्या विहिरीला कुठे नाव ठेवलं? आमच्या विहिरींना तरी पाणी कुठून येत होतं? पाट वाहायचा म्हणून.

ग्रंथपाल_नंदुरबार
आधी एआयबद्दल, कारण हा सल्ला मी रोज निस्तरतो. विद्यार्थी छापून आणलेली संदर्भांची यादी हातात देतात आणि लेख मागतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं, पण असा लेख कोणी लिहिलेलाच नसतो. समितीतल्या एकाने एक संदर्भ तपासला तरी पूर्ण प्रबंधावरचा विश्वास उडतो. इंग्रजी लेखातला अवघड परिच्छेद समजून घ्यायला एआय वापरा, हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका.
आता शोधायचं कसं. गुगल स्कॉलरवर एक चांगला लेख मिळाला की दोन दिशांनी जायचं. त्याच्या संदर्भसूचीतून मागे, आणि "सायटेड बाय"वर टिचकी मारून पुढे, म्हणजे नंतर कोणी त्याचा आधार घेतला ते. शोधताना स्पेलिंग बदलून पाहा. पांझरा इंग्रजीत कोणी झेड घालून लिहितो, कोणी जे-एच. फडही पी-एच आणि एफ अशा दोन्ही तऱ्हांनी सापडतो. ब्रिटिश कागदांत फड हा शब्द हमखास मिळेलच असं नाही, तिथे बंधारा आणि सेकंड क्लास इरिगेशन वर्क्स असं शोधा. १८८० चा खानदेश जिल्हा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड, इंटरनेटवर मोफत आहे. वाल्मी आणि सोपेकॉम या पाणी-सिंचनावर काम करणाऱ्या संस्थांची प्रकाशनंही सोडू नका. धुळ्यात राहून राजवाडे संशोधन मंडळात चक्कर मारली नाही असं तर होऊच देऊ नका.
शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जुने प्रबंध आहेत. त्यांची संदर्भसूची जरूर घ्या, त्यांचा आढावा घेऊ नका. मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय त्याचं नाव आपल्या सूचीत टाकायचं नाही.
अनुदानित कॉलेजात असाल तर ग्रंथालयात एन-लिस्टचं लॉगिन मागा, त्यावर ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचता येतात. कितीतरी सीएचबी प्राध्यापकांना ते आपल्याला मिळू शकतं हेच ठाऊक नसतं.

अभ्यासू_शिरपूर
यूजीसी केअर, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, आता बंद झाली ना? मग पेपर कुठे छापायचा?

ग्रंथपाल_नंदुरबार
हो, फेब्रुवारी २०२५ मध्ये. पण त्याचा इथे संबंध नाही, वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

रकानेवाली
पाटपाणी ताई, आता विषय कळला म्हणून नेमकं सांगते. तुमचं प्रकरण बहुतेक असं असेल : "अमुक यांनी तमुक साली अभ्यास केला. त्यांना असे आढळले. तमुक यांनी..." प्रत्येक परिच्छेद एका लेखकाचा. शेरा त्यावरच आहे. परिच्छेद लेखकाचा नको, प्रश्नाचा हवा. वेबस्टर आणि वॉटसन यांचा २००२ चा लेख याच मुद्द्यासाठी नावाजला गेला.
एक्सेल उघडा. आडव्या ओळीत एकेक लेख. उभे रकाने म्हणजे तुमचे प्रश्न. फड कधी आणि कसा सुरू झाला? कारभार कोण बघतो? शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळतं का? भूमिहीनाला आणि बाईला त्यात काय जागा? ऱ्हास कशामुळे? कायद्याने काय केलं? आणि एक रकाना फक्त पुराव्याचा : लेखकाने किती गावं पाहिली, कोणत्या साली, शेतकऱ्यांशी बोलला की कागदांवरून लिहिलं. लेख वाचता वाचता रकाने भरा, पान क्रमांकासकट, स्वतःच्या शब्दांत. मग लिहायला बसाल तेव्हा तक्ता आडवा वाचू नका, उभा वाचा. एक रकाना म्हणजे एक उपशीर्षक. जो रकाना जवळजवळ रिकामा राहील तो तुमच्या संशोधनाची जागा आहे, तो समितीला दाखवा.
किती संदर्भ, याला आकडा नाही. नवा लेख वाचून तक्त्यात नवं काही भरलं जाईना, संदर्भसूचीत ओळखीचीच नावं यायला लागली, की थांबायचं.
आणि सगळे लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नका. गोषवारा, प्रस्तावनेचा शेवट, निष्कर्ष एवढं वाचून लेख ठेवायचा की सोडायचा ते ठरवा.

सर_धुळे
मी बरीच वर्षं मार्गदर्शन केलं, आता निवृत्त आहे. या पद्धतीला माझा विरोध आहे. तक्त्यामुळे विद्यार्थी लेखातून आपल्याला हवं तेवढं खुडून नेतो. लेखकाचा युक्तिवाद कसा उभा राहिला, तो कोणाशी वाद घालत होता, हे रकान्यात मावत नाही. १८८० च्या गॅझेटियरचं पान तुम्ही कोणत्या रकान्यात भरणार? ते लिहिणाऱ्याला महसुलाची काळजी होती, शेतकऱ्याच्या समतेची नव्हती. हे कळायला ते पूर्ण वाचावं लागतं. आठ-दहा महत्त्वाची पुस्तकं निवडा, वही घेऊन सावकाश वाचा. बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

रकानेवाली
सर, आदर ठेवून सांगते, ती रात्री वाचते आहे आणि हातात महिना आहे. वहीत लिहिलेलं ऐन वेळी सापडत नाही. गॅझेटियरसाठी "कोणी, कोणासाठी लिहिलं" असा रकाना घालता येतो.

सर_धुळे
घाला. पण मग मी म्हणतो तेच तुम्ही करताय. ताई, निदान एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं सामायिक संसाधनांवरचं १९९० चं पुस्तक तक्त्यासाठी वाचू नका, नीट वाचा. त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांची त्यांनी आठ तत्त्वं मांडली आहेत : सीमा स्पष्ट असणं, राखण करणारा लोकांना उत्तरदायी असणं, दंड चढत्या क्रमाने असणं वगैरे. पांझराकाठचा यांनी वर जागल्या, पंच आणि दंड सांगितला, तो त्यांशी लावून पाहा. तुमच्या आढाव्याला कणा मिळेल. तुम्ही अर्थशास्त्रात आहात, आणि शेऱ्यामागे हेही एक कारण असू शकतं की सिद्धांत कुठेच नाही. आहे का?

पाटपाणी
सिद्धांताचं स्वतंत्र प्रकरण पुढे आहे म्हणून इथे घातला नव्हता. आणि २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही धोरणांच्या प्रकरणात आहे.

सर_धुळे
हे आधी सांगायला हवं होतं. दोन्ही इथे थोडक्यात यायलाच हवेत, नाहीतर आढावा नुसत्या गावांच्या अभ्यासांचा राहतो. कायद्याने पाणीवापर संस्था आणल्या. फडाचे पंच आणि त्या संस्था यांचं काय झालं, हा प्रश्न तुमचा आहे.

नवाकोरा
माझ्या मित्राचं तर पास झालं. असो.

ग्रंथपाल_नंदुरबार
पास होणं आणि टिकणं वेगळं. प्रबंध शोधगंगेवर जातो, पुढे कोणीही उघडून तपासू शकतं. तुमच्या मित्राने आजच आपले संदर्भ एकदा शोधून पाहावेत, हे मी काळजीपोटी सांगतोय.

पाटपाणी
तक्ता केला. बारा लेख भरले आणि ऱ्हासाच्या रकान्यावरून एक परिच्छेद लिहिला, बघा :
"फड पद्धतीच्या ऱ्हासाविषयी अभ्यासकांमध्ये विविध मते आढळतात. काहींच्या मते धरणे, तर काहींच्या मते विहिरी कारणीभूत आहेत. यावरून असे दिसते की ऱ्हासाची अनेक कारणे आहेत."

रकानेवाली
यादी गेली, हे मोठं काम झालं. पण शेवटचं वाक्य काढा, ते कोणत्याही विषयावर चालेल. धरणं म्हणणाऱ्यांनी कोणती गावं पाहिली आणि विहिरी म्हणणाऱ्यांनी कोणती? पुराव्याच्या रकान्यात बघा. एक गट नदीच्या वरच्या अंगाचा आणि दुसरा खालच्या अंगाचा असेल, तर ते मतभेद नाहीतच, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते तपासून लिहा, ते कोणी लिहिलं नसेल तर हा तुमचा शोध.

पाटपाणी
पाहिलं. एक गट बहुतेक साक्रीच्या बाजूचा आहे, दुसरा धुळ्याच्या खालचा. दोन अपवाद आहेत. आणि बायकांचा रकाना खरंच जवळजवळ रिकामा आहे.

सर_धुळे
अपवाद लपवू नका, त्यांच्यावर स्वतंत्र वाक्य खर्च करा.

पांझराकाठचा
आमच्या गावात एक म्हातारे पाटकरी आहेत, त्यांना बठ्ठं (सगळं) पाठ आहे. या ताई, भेट घालून देतो. त्यांच्या घरच्या बाईशीही बोला, पाट साफ करायला बाया पण यायच्या, हे कोणी विचारतच नाही.

सर_धुळे
जरूर जा, पण ते क्षेत्रकार्याच्या प्रकरणात. आढाव्यात फक्त लिहून प्रसिद्ध झालेलं. आत्ता मिसळलंत तर समिती तिथेच अडवेल.

पाटपाणी
समजलं. पांझराकाठचे दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, सादरीकरण झालं की लगेच येते. सर, सिद्धांत आणि कायदा आत घेते. सोमवारी गाईडना दोन उपशीर्षकं पाठवते आहे, ऱ्हास आणि कारभार. वाल्मीच्या जुन्या प्रकाशनांपैकी फडावरचं काही कोणाकडे असेल तर कळवा, आमच्या ग्रंथालयात नाही.

ग्रंथपाल_नंदुरबार
बघून सांगतो. तुमच्या ग्रंथपालांना आंतरग्रंथालय देवघेवीचं पत्र द्यायला सांगा, म्हणजे असेल तर पाठवता येईल.