स्वस्त दराच्या विमानात वडिलांसाठी कडेची जागा: पैसे केव्हा भरावेत आणि किती जागांचे?

जुळे सोलापूरकर यांचा प्रश्न

नमस्कार. फेब्रुवारीत आमच्या घरातील पाच जण पुण्याहून दिल्लीला विमानाने जाणार आहोत: मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील. सोलापूरहून पुण्यापर्यंत रेल्वेने जायचे आणि पुढे स्वस्त दराच्या कंपनीचे तिकीट काढायचे, एवढे ठरले आहे. परंतु जागा निवडण्याच्या टप्प्यावर मी अडलो आहे. विमानाच्या नकाशात जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर काही ना काही रक्कम लिहिलेली दिसते, आणि जाता-येता मिळून पाच जणांच्या जागांचे पैसे भरायचे म्हटले, तर ती रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी होते.

वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, गुडघे दुखरे आहेत. पाय दुमडून फार वेळ बसणे त्यांना जमत नाही आणि स्वच्छतागृहाकडे वरचेवर उठावे लागते, म्हणून त्यांना कडेचीच, म्हणजे मधल्या वाटेलगतची, जागा हवी. आई प्रथमच विमानात बसणार आहे आणि तिला खिडकी मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुलगी घरातील कोणाच्या तरी शेजारी असलीच पाहिजे. जागा न निवडता पुढे गेलो, तर कंपनी आम्हांला पाच ठिकाणी विखरून बसवील का? वेब चेक-इनच्या, म्हणजे घरूनच इंटरनेटवर बोर्डिंग पास घेण्याच्या, वेळी चांगली जागा विनाशुल्क मिळते असे काही जण सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे? आणि आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत पाय पसरायला अधिक जागा असते, ती वडिलांसाठी घ्यावी का?

नवी पेठ यांचे उत्तर

नमस्कार. तिकिटे काढून देण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. प्रथम मुलीची काळजी दूर करतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना असे निर्देश दिले की, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी अथवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी. मात्र त्यासाठी सर्वांचे तिकीट एकाच पीएनआरवर असणे आवश्यक आहे. कार्डावरील सवलत दोनदा मिळावी म्हणून काही जण घरातील माणसांची तिकिटे दोन भागांत काढतात. तसे केले की संगणकाच्या दृष्टीने ती दोन अनोळखी कुटुंबे ठरतात, आणि नंतर विमानतळावर विनवण्या कराव्या लागतात.

जागा निवडण्याचे शुल्क ऐच्छिक आहे. ते न भरल्यामुळे तिकीट कच्चे राहत नाही. फक्त कोणती जागा द्यायची हे कंपनी ठरवते. हे शुल्क प्रत्येक प्रवाशाला आणि प्रत्येक उड्डाणाला वेगळे लागते, त्यामुळे मध्ये विमान बदलावे लागणार असेल तर ते दोनदा भरावे लागते. शक्य असेल तर थेट विमान पाहावे, याचे हेही एक कारण आहे.

वेब चेक-इन देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक स्वस्त कंपन्यांमध्ये ४८ तास आधी सुरू होते आणि साधारण एक तास आधी बंद होते. त्या वेळी विनाशुल्क जागा मिळतात हे खरे, पण त्या बहुधा मधल्या असतात किंवा शेपटीकडच्या असतात. खिडकीची आणि कडेची जागा हीच कंपनीच्या विक्रीची वस्तू असल्यामुळे ती शेवटपर्यंत फुकट दिली जाईल यावर विसंबून राहता येत नाही. एकट्या तरुण प्रवाशाने नशिबावर सोडावे. गुडघेदुखीच्या माणसाच्या बाबतीत सोडू नये.

आपत्कालीन दरवाजाची रांग वडिलांसाठी अजिबात घेऊ नका. त्या रांगेत बसणाऱ्या माणसाला प्रसंग आल्यास दरवाजा उघडता आला पाहिजे आणि इतरांना मदत करता आली पाहिजे, म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हालचालीस मदत लागणारे प्रवासी यांना तेथे बसू देत नाहीत. पैसे भरून बसवले, तरी कर्मचारी त्यांना उठवून दुसरीकडे नेतील, आणि ते योग्यच आहे. पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा असते, परंतु समोर खुर्ची नसल्यामुळे पिशवी पायाशी ठेवता येत नाही, आणि जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेला असल्यामुळे दांडा वर करता येत नाही व बैठक किंचित अरुंद होते. तिचा दरही सर्वांत चढा असतो.

माझे मत असे की पाचांपैकी फक्त दोन जागांचे पैसे भरावेत. एकाच रांगेतील खिडकी आईसाठी आणि कडेची जागा वडिलांसाठी आधीच घ्यावी आणि मधली मोकळी सोडावी. मधली जागा कोणीही हौसेने विकत घेत नाही, त्यामुळे वेब चेक-इन उघडेपर्यंत ती रिकामी राहण्याची शक्यता बरीच असते. ती मुलीसाठी घ्यावी. आजी-आजोबांच्या मध्ये बसलेल्या नातीची काळजी उरत नाही. तुम्ही दोघे मिळेल तेथे बसू शकता. समजा ती मधली जागा दुसऱ्या कोणाला गेली, तर वरील निर्देशामुळे मुलगी तुमच्या दोघांपैकी एकाजवळ येईलच. शिवाय मधल्या जागेवरचा प्रवासी कडेची किंवा खिडकीची जागा मिळत असेल तर अदलाबदलीला सहसा नकार देत नाही.

विजापूर रोड यांचे उत्तर

माझ्या सासूबाईंना संधिवात असल्यामुळे त्यांच्यासह प्रवास करताना मी या गोष्टींकडे बारकाईने पाहत आले आहे. नवी पेठ यांच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त कोणती कडेची जागा घ्यावी याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण गुडघेदुखीच्या माणसाच्या दृष्टीने सगळ्या कडेच्या जागा सारख्या नसतात.

एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या असतात. डावीकडून ए, बी, सी आणि उजवीकडच्या डी, ई, एफ अशी अक्षरे असतात. म्हणजे सी आणि डी या कडेच्या जागा. सी वर बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला वाट येते, त्यामुळे त्याला उजवा पाय बाहेर पसरता येतो; डी वर बसलेल्याला डावा. अण्णांचा कोणता गुडघा अधिक दुखतो हे विचारून मगच बाजू ठरवा. स्वस्त कंपन्यांमध्ये दोन रांगांमधील अंतर साधारण २८ ते ३० इंच असते आणि एवढ्या अंतरात उंच माणसाचा गुडघा समोरच्या पाठीला टेकतो, म्हणून एक पाय मधूनमधून सरळ करता येणे हाच मोठा आधार ठरतो. खाद्यपदार्थांची गाडी येते तेव्हा मात्र पाय आत घ्यायला त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट फार उपयोगी आहे. अनेक विमानांत वाटेकडचा हाताचा दांडा वर उचलता येतो, परंतु त्याची कळ दांड्याच्या खाली, पाठीजवळच्या बिजागरीपाशी लपलेली असते, म्हणून प्रवाशांना ती माहीत नसते. कर्मचाऱ्यांना विचारावे, ते दाखवतात. दांडा वर गेला की गुडघे न वाकवता बाजूला वळून उठता येते.

पुढची जागा घ्यावी की मागची, यावर घरोघरी वाद होतो. माझ्या मते तुमच्या वडिलांसाठी मागची बरी. ए-३२० मध्ये प्रवाशांची बहुतेक स्वच्छतागृहे मागच्या बाजूला असतात आणि त्यांना तेथे वरचेवर जायचे आहे. शेवटची रांग तेवढी टाळा. तिची पाठ बहुधा मागे झुकत नाही आणि स्वच्छतागृहासाठी उभी राहिलेली माणसे अगदी खांद्याशी येतात. तिच्यापुढे तीन-चार रांगा सोडून बसावे. लवकर उतरता यावे म्हणून पुढची महाग जागा घेण्याचे कारणच नाही, कारण व्हीलचेअर घेतलेल्या प्रवाशांना सहसा सर्वांच्या शेवटी उतरवतात.

व्हीलचेअर अवश्य घ्या आणि तिची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवा. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहणे आणि बसमधून विमानापर्यंत जाणे हे प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा गुडघ्यांना अधिक जड जाते. विमान पुलाला, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दरवाजाशी नेणाऱ्या बंद मार्गाला, लागलेले नसेल, तर पायऱ्या चढाव्या लागतात. काही कंपन्या पायऱ्यांऐवजी उताराचा रॅम्प लावतात, तो वडीलधाऱ्यांना फार सोयीचा पडतो.

होटगी रोड यांचे उत्तर

आईंच्या खिडकीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. पहिल्या विमान प्रवासात खिडकीला मोल असते. ए-३२० मध्ये साधारणपणे दहाव्या रांगेपासून अठराव्या-एकोणिसाव्या रांगेपर्यंत खाली पाहिले की विमानाचा पंखच दिसतो. विजापूर रोड यांनी सुचवलेली मागची रांग घेतली तर हा अडसर आपोआप टळतो. शेपटीकडे आवाज थोडा अधिक असतो आणि हवा ढवळलेली असेल तर हेलकावेही अधिक जाणवतात. सर्वांत कमी ते पंखाच्या वर जाणवतात. आईंना बसमध्ये मळमळण्याचा त्रास असेल तर हा विचार आधी करावा आणि दृश्यावर पाणी सोडावे.

दिल्लीचे विमान पुण्याहून जवळजवळ सरळ उत्तरेकडे जाते. सकाळच्या विमानात ऊन उजवीकडून, एफ च्या खिडकीतून येते आणि दुपारनंतर डावीकडून, ए च्या खिडकीतून. डोळ्यांवर ऊन आले की माणूस खिडकीची झडप खाली ओढतो आणि खिडकीचे पैसे वाया जातात. सकाळी जात असाल तर ए, बी, सी हा गट घ्यावा, दुपारी जात असाल तर डी, ई, एफ. अण्णांच्या गुडघ्याची बाजू आणि उन्हाची बाजू यांचा मेळ बसला नाही, तर गुडघ्याला प्राधान्य द्यावे.

तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तोही पाहा. बोईंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडे पुढे, वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते त्या ठिकाणी खिडकी नसते, आणि खिडकीची म्हणून घेतलेली जागा तेथे कोऱ्या भिंतीला लागून येते. मागच्या रांगांमध्ये ही अडचण नाही.

हे सारे मोठ्या विमानांविषयी झाले. आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. पुढे कधी या मार्गांनी आई-वडिलांना नेणार असाल, तर तेथील हिशोब वेगळा आहे. गोव्याच्या मार्गासाठी आणलेले एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान आहे. त्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच खुर्च्या असतात, म्हणजे मधली जागा नाहीच. प्रत्येकाला एक तर खिडकी मिळते नाही तर कड. प्रवाशांचा दरवाजा मागच्या बाजूला असतो आणि पुढच्या भागात सामान भरलेले असते. त्यामुळे मोठ्या विमानाच्या सवयीने पुढची रांग मागून घेतली, तर चालणे वाढते. गुडघेदुखीच्या माणसाने मागची रांगच घ्यावी. पंख खुर्च्यांच्या वरच्या पातळीवर असल्यामुळे खाली पाहताना तो आड येत नाही. आवाज मात्र पंख्यांच्या रेषेतील रांगांमध्ये सर्वांत अधिक असतो, तोही मागे बसल्याने कमी होतो. मुंबईच्या मार्गासाठी आणलेल्या एम्ब्रेयर विमानातही साध्या वर्गात दोन-दोन खुर्च्यांचीच रचना आहे.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अण्णांचा उजवा गुडघा अधिक दुखतो आणि आमचे विमान सकाळचे आहे, त्यामुळे ए आणि सी या जागा घेण्याचे ठरवले आहे. एक शंका उरली आहे. तिकीट काढण्याच्या एका संकेतस्थळावर मी काहीही न निवडता पुढे गेलो, तरी एकूण रकमेत जागेचे आणि विम्याचे पैसे मिळवलेले दिसले. हे नियमाला धरून आहे का? आणि वडिलांसाठी छापील बोर्डिंग पास काउंटरवर घेतला, तर त्याचे वेगळे पैसे लागतील का?

नवी पेठ

नियमाला धरून नाही. ग्राहकाच्या संमतीवाचून एखादी सेवा बेरजेत मिळवणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केलेल्या १३ फसव्या पद्धतींपैकी एक प्रकार आहे. पैसे भरण्यापूर्वीच्या शेवटच्या पानावरील प्रत्येक ओळ वाचा, नको असलेली खूण काढून टाका आणि ती काढताच येत नसेल तर त्या पानाचे छायाचित्र ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंमत पडताळून पाहावी.

बोर्डिंग पासविषयी निश्चिंत राहा. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे शुल्क आकारता येणार नाही, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. काउंटरवर गेलात की तेथील कर्मचाऱ्याला अण्णांची अडचण शांतपणे सांगा. विमान पूर्ण भरलेले नसेल तर कोणत्या रांगा रिकाम्या आहेत हे त्या क्षणी त्यालाच दिसत असते, आणि वडीलधाऱ्या माणसासाठी शेजारची जागा मोकळी ठेवणे त्याच्या हाती असते.

जागेचे पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. कंपनीने ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला आणि विकत घेतलेली जागा दिली नाही, तर ती रक्कम परत मागता येते. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केले तर मात्र ती बहुधा परत मिळत नाही, म्हणून प्रवासाची तारीख पक्की झाल्यावरच भरा. विमान गुरुवारी सकाळी नऊचे असेल, तर मंगळवारी सकाळी नऊला मोबाइल हाती घेऊन बसा, आणि मुलीची मधली जागा आधी घेऊन मग तुमच्या दोघांच्या जागा पाहा.