प्रतिसाद: मायएसक्यूएल ५.७ चं अपग्रेड पावसाळ्यातच उरका

होमस्टेची बुकिंग साइट मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या ५.७ आवृत्तीवर असेल, तर ‘चालतंय तोवर चालू द्या, क्लाउडवाले बघतील’ हा इथे दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. ५.७ चा मूळ सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. अ‍ॅमेझॉन आरडीएसवर (भाड्याने डेटाबेस चालवण्याच्या क्लाउड सेवेवर) त्यानंतरच्या वाढीव सपोर्टचे पैसे प्रत्येक व्हीसीपीयूमागे (सर्व्हरच्या आभासी प्रोसेसरमागे), तासाच्या हिशोबाने लागतात. मालवण-गुहागरच्या छोट्या होमस्टेवाल्यांनी ते का भरायचे?

अपग्रेडसाठी मे महिना आणि गणपती सोडा. जून-जुलैत बुकिंग कमी असतं. फक्त लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि दुसरं नेट हाताशी ठेवा.

५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, मध्ये ८.० लागतंच. पण तिथे थांबू नका, त्याचा मूळ सपोर्टही एप्रिल २०२६ पर्यंतचाच. आधी स्नॅपशॉटवरून (डेटाबेसच्या त्या क्षणाच्या प्रतीवरून) वेगळा डेटाबेस उभा करून, तो अपग्रेड करून साइट त्याला जोडून बघा. ‘रँक’ किंवा ‘ग्रुप्स’ नावाचे कॉलम असतील तर क्वेरी (डेटाबेसला दिलेले आदेश) अडतील, कारण ८.० मध्ये ते राखीव शब्द झाले. शिवाय क्वेरीतला ‘ग्रुप बाय’ (नोंदींचे गट करणारा भाग) आता आपोआप क्रम लावत नाही, त्यामुळे खोल्यांची यादी उलटसुलट दिसू शकते. ‘ऑर्डर बाय’ (क्रम ठरवणारा भाग) स्वतः लिहा.

अपग्रेडच्या वेळी बुकिंग बंदच ठेवा. मागे फिरायचं तर जुना स्नॅपशॉट हाच मार्ग, आणि त्यानंतरची बुकिंगं त्यात नसतात.