फ्रेंच सीफूड रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदाच जातोय, काय मागवू?

नवखा_खवय्या
घरापासून दोन गल्ल्या सोडून एक भारीतलं फ्रेंच सीफूड रेस्टॉरंट आहे, येताजाता रोज दिसतं पण आत कधी गेलो नाही. शनिवारी लग्नाचा वाढदिवस म्हणून टेबल बुक केलंय. मेन्यू दारातच लावलाय, सोल मनिएर, बुयाबेस, प्लातो द फ्रुई द मेर असं काय काय, अर्ध्याचे उच्चार पण येत नाहीत. बायकोला कालवं खायचीच आहेत. काय घेऊ सांगा ना, एवढं जातोय तर नीट व्हायला पाहिजे.

काटेकोर
सोल मनिएर घ्या, दुसरा विचारच करू नका. सोल म्हणजे एक चपटा मासा. मनिएर म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याची बायको, म्हणून मासा पिठात घोळवून लोण्यात परततात, वरून लिंबू, पार्सली, बास. मसाला काहीच नाही, त्यामुळे मासा ताजा नसेल तर लगेच कळतं. चांगल्या ठिकाणी अख्खा मासा टेबलापाशी आणून समोर सोडवतात, चमच्याने मधोमध रेघ मारून वरचे दोन तुकडे बाजूला सरकवतात आणि मग शेपटीकडून काटा उचलला की सगळा सांगाडा एकसंध वर येतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला घास तसाच राहिला होता. बुयाबेस म्हणजे माशांचा रस्सा, मूळ फ्रान्समधल्या मार्से शहराचा, तिथल्या रेस्टॉरंटवाल्यांनी 1980 मध्ये त्याची सनदच केलीय, किमान चार जातींचे मासे पाहिजेत आणि रस्सा नि मासे वेगवेगळे वाढायचे. पोटभरीचं असतं, त्याच्यासोबत अजून काही मागवू नका.

शिंपलेवाली
कालवांपुढे नंबर असतो, तो जितका मोठा तितकं कालव लहान. पहिल्यांदा खाताय तर 3 नंबर घ्या. सोबत मिन्योनेत म्हणजे व्हिनेगर, बारीक चिरलेला शॅलट (छोटा कांदाच) आणि मिरी, ते थेंबभरच घाला आणि नुसतं गिळू नका, दोनदा तरी चावा, गोडसर चव तेव्हाच लागते.

नवखा_खवय्या
थँक्यू दोघांनाही! एक सांगायचं राहिलं, बायकोला पाचवा महिना चालू आहे, चालेल ना?

शिंपलेवाली
नाही हो दादा, मग कच्ची कालवं अजिबात नको. कच्च्यात जंतू असू शकतात, लिंबू किंवा व्हिनेगरने ते मरत नाहीत आणि या दिवसांत त्रास जास्त होतो. त्या प्लातोमध्ये, म्हणजे सीफूडच्या थाळीत, पण बर्फावर कच्ची कालवं असतात, म्हणून तेही राहू द्या. सोल चालेल, त्यात पारा कमी असतो, फक्त आतपर्यंत नीट शिजवा म्हणून सांगा. शिंपल्यांचीच हौस असेल तर मूल मारिनिएर विचारा, वाफेवर शिजवलेले मसल्स, पण वाइनमध्ये करतात म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घ्या. जो शिंपला शिजूनही उघडला नाही तो खायचा नाही. आणि एक रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून बाकीच्यांतलं मांस त्यानेच काढायचं, वहिनींना मजा येईल.

नवखा_खवय्या
बरं झालं विचारलं. आत्ताच फोन केला, सोल टेबलापाशी सोडवून देतात म्हणाले, दोघांसाठी तोच सांगितलाय. बायको म्हणाली कालवं पुढच्या वर्षी, तोवर मीही खाणार नाही.