‘आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)’ : बॅगांवरचे पत्ते

बागुल काकू ए-४०२, ७:०५
सुप्रभात 🙏 काल रात्री लिफ्टपाशी ज्या सहा बॅगा होत्या, त्या कोणाच्या हे मी नाव घेऊन सांगत नाही. पण प्रत्येकीवर मार्करने नाव, विंग, फ्लॅट नंबर, सोसायटी, पाथर्डी फाटा, पिनकोडसकट लिहिलंय. वर स्टेटसला ‘कामाख्या-शिलाँग, ९ दिवस’. घर बंद आहे हे चोराला अजून कसं कळवायचं असतं?

गायकवाड बी-१०१, ७:११
नाव घेत नाही म्हणता आणि सहा बॅगा म्हणता 😀

आहेर वहिनी बी-३०३, ७:१४
आमच्याच आहेत. बॅग हरवली तर पत्त्याशिवाय परत कशी येणार, काकू?

सोनवणे काका ए-१०२, ७:१६
रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ३१ वर्षं काढली. बाहेर फक्त नाव आणि मोबाइल. पत्ता आतल्या चिठ्ठीवर, कपड्यांच्या वर. बाहेरचं लेबल ओढाताणीत तुटतं, आतली चिठ्ठी कुठे जात नाही.

निकम सी-२०१, ७:१८
विषय निघालाच आहे तर, आमच्या पार्किंगमध्ये चार दिवस पांढरी गाडी कोणाची आहे?

गायकवाड बी-१०१, ७:१९
निकम साहेब, हा विषय कुठे निघालाय?

सेक्रेटरी, ७:२५
मागच्या दिवाळीचा किस्सा सर्वांना माहीत आहे, तरी सांगतो. काळी बॅग, हँडलला लाल रिबन. मुंबई विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर बघतो तर निम्म्या काळ्या बॅगांना लाल रिबन. घरी येऊन उघडली तर आत बाळाची झबली. ना चिठ्ठी, ना नंबर.

बागुल काकू ए-४०२, ७:२७
ती बॅग परत करायच्या खेपेचं पेट्रोल मेंटेनन्समधून गेलं नाही ना? सहज विचारते.

सेक्रेटरी, ७:२८
हिशेब नोटीस बोर्डवर आहे. सहजच सांगतो.

सोनवणे काका ए-१०२, ७:२९
म्हणून म्हणतो, चिठ्ठी आत ठेवा.

गायकवाड बी-१०१, ७:३३
आम्ही केरळला जाताना बॅगेवर घरचा लँडलाइन टाकला होता. बॅग सापडल्यावर त्या माणसाने प्रामाणिकपणे तीन दिवस फोन केले. घेणार कोण? आम्ही सगळे मुन्नारला. बरोबर असतो तो मोबाइल लिहा, शक्यतो दोघांचे.

चिन्मय सी-५०४, ७:४०
वहिनी, जुन्या प्रवासाच्या बारकोडच्या पट्ट्या काढा. हँडलवरची आणि ते छोटे चिकटवलेले तुकडेही. मशीनने जुना बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते. आणि ओझर विमानतळावर नवीन पट्टी लावतील त्यावर जीएयू, म्हणजे गुवाहाटीचा कोड, आहे का बघा. डीईएल, म्हणजे दिल्लीचा कोड, असेल तर बॅग दिल्लीलाच उतरेल, तिथून तुम्हाला उचलून परत द्यावी लागेल.

आहेर वहिनी बी-३०३, ७:४३
हे कामाचं बोललास बाळा. बाकीच्यांनी नुसतं टोचलं.

चिन्मय सी-५०४, ७:४५
आणि दादाने बोर्डिंग पासचा फोटो टाकलाय तो काढायला सांगा. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांचं बुकिंग उघडतं. त्यापेक्षा बॅगांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. बॅग आलीच नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी तिथल्याच काउंटरला तक्रार नोंदवून तिचा पीआयआर (तक्रारीचा) नंबर घ्या, तेव्हा रंग-आकार सांगायला फोटोच लागतो.

निकम सी-२०१, ७:४६
पांढऱ्या गाडीचाही फोटो काढलाय. टाकू का?

सोनवणे काका ए-१०२, ७:४७
चिठ्ठीवर जिथे उतरणार त्या हॉटेलचा पत्ता आणि तारखाही लिहा. बॅग मागून आली तर नाशिकला येऊन काय उपयोग?

बागुल काकू ए-४०२, ७:५०
मी काळजीने सांगितलं, त्याला टोचणं म्हणतात हे आज कळलं. असो. पत्ता खोडायचा असेल तर कागद चिकटवून द्या. मार्करवर मार्कर फिरवला तरी उजेडात वाचता येतं.

आहेर वहिनी बी-३०३, ८:०२
चिकटवला. कॅलेंडरचं जानेवारीचं पान कामी आलं. चिठ्ठ्याही टाकल्या, पाच बॅगांत. सहावीची किल्ली सापडत नाहीये.

सोनवणे काका ए-१०२, ८:०३
आधी कुलूप, मग चिठ्ठी. धन्य आहे.

सेक्रेटरी, ८:०५
कृपया ग्रुपवर वैयक्तिक टिप्पणी नको.

आहेर वहिनी बी-३०३, ११:४८
ओझरला पोहोचलो. पहिल्या पट्टीवर डीईएलच होतं, काउंटरवर सांगून बदलून घेतलं. थँक्यू चिन्मय. आणि बागुल काकू, आठवलं! त्या बॅगेची किल्ली घराच्या जुडग्यात राहिली. जुडगा तुमच्याकडेच दिलाय ना, नऊ दिवसांसाठी?

गायकवाड बी-१०१, ११:५०
😂😂

बागुल काकू ए-४०२, ११:५२
आहे माझ्याकडे. होता म्हणायचं आता. ८६ जणांच्या ग्रुपवर हे कशाला लिहिलंत?

निकम सी-२०१, ११:५३
पांढरी गाडी त्यांचीच असेल तर तिची किल्लीही बघा त्यात.